भावजींचं गाणं, अजून थोडं हळू

थोरल्या जाऊबाई लाँड्रीत इस्त्री करतात. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. हा क्रम चुकला की समजावं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. गेला महिनाभर तो रोज चुकत होता.

कारण आमचे भावजी, म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नाआधी त्यांनी एकच गाणं रेकॉर्ड केलं होतं. ते कुणी ऐकलं नाही, पुढे तेही विसरले, आणि कापडाच्या दुकानात मीटर मोजण्यात जन्म गेला. आता एका रिमिक्सवाल्याने ते कुठूनसं उकरून काढलं, खाली ठेका घातला, वेग वाढवला, आणि बघता बघता ते जिकडेतिकडे वाजायला लागलं. आमच्या घरी कौतुकाला ऊत आला. माझे यजमान तर रस्त्यात माणसं थांबवून सांगत, हा माझा दादा.

जाऊबाईंना मात्र ते सोसेना. गाणं लागलं की त्या इस्त्री उभी करून बाहेर जात. लाँड्रीचा मालक म्हणे, नवऱ्याचं नाव झालं आणि बाईंनाच पोटदुखी. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्या बोलल्या.

"अगं, ह्यांचा आवाज माझ्या कानात होता. मी देवापुढे बसले की ऐकू यायचा. आता तिथे हा चिरका पोरगा ओरडतोय. हे पुसलेच जातायत."

मग मीच त्या रिमिक्सवाल्याचा पत्ता काढला आणि त्यांना घेऊन गेले. खोली एवढीशी, भिंतींना स्पंज चिकटवलेला, पायात वायरींचं जंजाळ. बिचाऱ्याने उठून स्वतःची खुर्ची दिली. जाऊबाई बसल्याच नाहीत. म्हणाल्या, हे हळू कर.

त्याने ठेका काढला, वेग मूळचा केला. स्वच्छ, कोवळा आवाज आला. जाऊबाईंनी मान हलवली. हा बिनलग्नाचा मुलगा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"अजून हळू."

"काकू, मूळ गाणं एवढंच आहे. याच्याखाली गेलं की सूर बिघडतो."

"बिघडू दे."

तो वेग एकेक घर खाली आणत गेला. आवाज जाड झाला, शब्द पाय ओढायला लागले. एके ठिकाणी जाऊबाईंनी त्याचं मनगट धरलं. खोलीत एक दमलेला, घोगरा माणूस गात होता; दिवसभर उभं राहून घरी यावं आणि दारात चपला काढता काढता गुणगुणावं, तसा.

त्या उभ्यानेच ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असेच होते ना गं?"

मी मघापासून भावजींचा आवाजच आठवत होते. त्यांची चाल आठवली, शिंक आठवली, माझ्या चहाला नावं ठेवणं आठवलं. आवाज काही येईना. कानात नुसता तो ठेका. मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "हो. हेच."

आता त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"नक्की?"

मी मान डोलावली. त्या रिमिक्सवाल्याला म्हणाल्या, पुन्हा लाव.