एल्वुडचं मुकं चॅनेल

एल्वुड गॅट्रेल आमच्या पिसगा डोंगरावर राहायला आला, तेव्हा त्याच्याबद्दल एवढंच कळलं होतं की तो एकटा आहे, चर्चमध्ये दिसत नाही आणि दारोदार फिरून शेगडीतली राख मागतो.

"राख?" मी लोरीनला विचारलं. लोरीन माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. गावात काही घडायच्या आधी ते तिला कळलेलं असतं.

"राखच गं. बादली घेऊन आला. म्हणाला, टाकूनच देणार असाल तर मला द्या. मी दिली बाई. पण माणूस राखेचं करतो काय?"

"बागेला घालत असेल."

"डिसेंबरात?"

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या आगीच्या बंबाच्या शेडमध्ये पॅनकेकचा नाश्ता असतो. तिथलं कोपऱ्यातलं टेबल आम्हा स्कॅनरवाल्यांचं. स्कॅनर म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचा रेडिओ. बंबवाले, शेरीफचे पोलीस, अँब्युलन्सवाले आपसात जे बोलतात ते सगळं त्यावर येतं. आमच्याकडे तो फ्रिजवर बसून दिवसभर बडबडत असतो. त्यात प्रत्येक चॅनेलचा आकडा भरून द्यायचं काम गावभराचं माझ्याकडे. शाळा मी आठवीतच सोडली. पण नवरा बंबावर होता, आणि तो आगीतून बाहेर आला की नाही हे ऐकायचं तर आकडे शिकणं भागच होतं.

त्या शनिवारी एल्वुड टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन सरळ माझ्यासमोर उभा राहिला. सत्तरीचा उंच माणूस, हात फावड्यासारखे.

"मिस ओपल, हे तुम्हीच लावून देता म्हणे."

टॉवेल उघडला. असलं यंत्र मी कधी पाहिलं नव्हतं. आकड्यांची बटणंच नाहीत! एक गोल खुंटी, चार कळा, आणि माहितीचं पुस्तक हरवलेलं.

"काय काय ऐकायचंय? बंब, शेरीफ?"

"भराल ते भरा. मला शाळेच्या बसचं चॅनेल हवंय."

टेबलावरचे काटे थांबले.

"शाळेत कोणी आहे तुमचं?"

"नाही."

"मग कशाला?"

"ऐकायचंय," एवढं बोलून तो पॅनकेकच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

यंत्र घरी आणलं आणि दोन दिवस त्याच्याशी भांडले. एक कळ दाबून धरायची, खुंटी फिरवायची, मग दुसरी दाबायची. जरा उशीर झाला की आकडा पुसून जायचा. शेवटी हवामानवाल्याचा तो झोपाळू आवाज आला, तेव्हा कळलं की गुपित सापडलं. बंब भरला, शेरीफ भरला, रस्ताखातं भरलं. मग बसचा आकडाही भरला. सहा नंबरची बस त्यावर बोलते, आणि त्याच बसने माझी नात टेसा तिसरीच्या वर्गात जाते.

मंगळवारी सकाळी मी मुद्दाम डोंगराच्या वाटेने गाडी काढली. पिसगाच्या वळणावर एल्वुडचं घर आहे. वळणाशी त्याचा पिकअप उभा, इंजिन चालू, आत एल्वुड. सहा नंबर वळण घेऊन वर गेली. त्याने घड्याळ पाहिलं, खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

शेरीफला कळवावं तर सांगणार काय? माणूस स्वतःच्या दारात बसून वहीत लिहितो?

पण यंत्र माझ्या हातात होतं. स्कॅनरला एक कळ असते. एखादं चॅनेल उगाच खरखरत असेल तर ती दाबायची. मग यंत्र त्या चॅनेलवर थांबतच नाही, ओलांडून पुढे जातं. आकडा आत असतो, पण मुका. बसच्या चॅनेलवर मी ती कळ दाबली, टॉवेल नीट गुंडाळला आणि बुधवारी यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने बदल्यात डझनभर तपकिरी अंडी दिली. तीही मी प्रकाशात धरून पाहिली.

आठवड्याने तो दारात हजर. "मिस ओपल, बाकी सगळे बोलतात. बसचं मात्र मुकं आहे."

"डोंगर आडवा येतो हो," मी म्हणाले. इतकं सहज खोटं बोलता येतं हे मलाही त्या दिवशीच कळलं.

"असेल. मग अँटेनाची तार उंच लावून बघतो."

दुसऱ्याच दिवशी लोरीनचा फोन. "अगं, तो छपरावर चढलाय! तार बांधतोय! एवढं काय ऐकायचंय मेल्याला?"

"पडेल तो."

"पडू दे!"

मी फोन ठेवला, पण त्या दिवशी अंडी काही घशाखाली उतरली नाहीत.

जानेवारीत एका पहाटे गोठता पाऊस पडला. झाडं, तारा, पायऱ्या, सगळ्यावर काचेसारखा बर्फाचा थर. मी कॉफी ओतत होते, तेवढ्यात फ्रिजवरून सहा नंबरची ड्रायव्हर डार्ला शाळेच्या ऑफिसशी बोलली, "बेस, आज मी उलट्या वाटेने येतेय. आधी वरच्या वस्तीची मुलं घेते, मग पिसगा उतरते."

शहाणी पोर, मी मनात म्हटलं. टेसा वरच्या वस्तीतच राहते.

वीस मिनिटांनी पुन्हा डार्ला. या वेळी आवाज कापरा. "बेस, घसरले. पिसगाच्या वळणावर. मागचं चाक चरात गेलंय. मुलं ठीक आहेत. कोणीतरी लवकर या."

मी बुटांवरून नवऱ्याचे जुने लोकरी मोजे चढवले. बर्फावर पाय धरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तशीच डोंगर चढत निघाले. वाटेत दोनदा बसले, त्यातलं एकदा मनाविरुद्ध.

वळणाशी पिवळी बस तिरकी होऊन थांबलेली. तिच्या मागे, दरीच्या कडेला, एल्वुड गुडघ्यांवर. शेजारी राखेच्या चार बादल्या. चाकांना पकड मिळावी म्हणून फावड्याने खाली राख पसरत होता आणि स्वतःला शिव्या देत होता.

खिडकीतून टेसा ओरडली, "मॅमॉ! माझ्या कपाळाला टेंगूळ आलं!" टेंगूळ आलेलं पोर इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

डार्ला माझ्याजवळ आली. "हेच टाकतात हो राख. निसरडं असलं की मी यायच्या दहा मिनिटं आधी वळण काळं झालेलं असतं. मला वाटायचं, रस्ताखात्याचंच काम."

"आधीच टाकून का नाही ठेवली?" मी एल्वुडला विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "आधी टाकली की वरून पुन्हा थर बसतो. एकतीस वर्षं पलीकडच्या काउंटीच्या रस्ताखात्यात बर्फावर मीठ टाकलंय, मिस ओपल. बस यायच्या तोंडावरच टाकावी लागते. वेळ वहीत मांडून ठेवली होती. आज ती लवकर आली, आणि वरून आली. असं काही कळावं म्हणून तर बसचं चॅनेल हवं होतं."

"सांगितलं का नाहीत कोणाला?"

"काउंटीच्या रस्त्यावर परवानगीशिवाय काही टाकता येत नाही. मीच लोकांना रागवायचो त्यावरून." मग फावडं थांबवून म्हणाला, "आणि तुम्ही विचारलंत ते शेरीफसारखं."

बस निघाली तेव्हा सात वाजून गेले होते. माझे मोजे भिजले होते, म्हणून त्याने घरात बोलावलं. शेगडीजवळ यंत्र होतं, त्यातून तार वर छपराकडे गेलेली. तो कॉफीचं भांडं शोधायला वळला. मी त्याच्याकडे पाठ करून यंत्रासमोर उभी राहिले, खुंटी फिरवली आणि मुकं करणारी ती कळ पुन्हा दाबली.

लगेच डार्ला बोलली, "बेस, सहा नंबर शाळेत पोहोचली. सगळी मुलं उतरली."

एल्वुड भांडं हातात घेऊन उभा होता. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेरच्या डोंगराकडे.

"हलला म्हणायचा डोंगर," तो म्हणाला.

मी माफी मागितली. त्याने मान हलवली आणि कॉफी दिली. साखर विचारली नाही.

आता गावातले सगळे त्याला राख देतात. लोरीन तर स्वतः बादली पोहोचवते आणि हा माणूस आपल्याला पहिल्यापासून आवडायचा असं सांगत फिरते. मीही दर शुक्रवारी माझी बादली नेते. राखेत कधी जुन्या फळ्यांचे खिळे असतात, आणि खिळा टायरमध्ये जाऊ शकतो. म्हणून एल्वुड एक चुंबक बाळगतो.

बाकीच्यांची राख तो तशीच ओतून घेतो. माझ्या बादलीत मात्र, माझ्यासमोर, चुंबक तीनदा फिरवतो. मी उभी राहते, फिरवू देते.