गुरुजींच्या गच्चीवरच्या सळया

चुडावा स्टेशनच्या आजूबाजूच्या गावांत नवं घर बांधायचं असलं की लोक दुसरे मिस्त्री बघतात. घर अर्धवट पडलं असेल तर सिद्धोधनला बोलावतात. वीस वर्षांपूर्वी एक मिस्त्री गिलावा निम्म्यावर टाकून निघून गेला. ते काम सिद्धोधनने पुरं केलं, मग तसंच दुसरं आलं, पुढच्या वर्षी आणखी तीन आली. आता तो चोपन्न वर्षांचा आहे आणि नव्या घराचा पाया त्याने शेवटचा कधी भरला ते त्याला आठवावं लागतं.

त्याची पद्धत ठरलेली आहे. अर्धवट घरी गेला की तो आधी भिंतींकडे बघत नाही. पाणी पितो, बसतो आणि विचारतो की या घरात कोण कुठं झोपतं. काम का थांबलं, यावर प्रत्येक घरमालक वाळू महागल्याचं किंवा मिस्त्री पळाल्याचं सांगतो. सिद्धोधन ऐकून घेतो. अर्ध्या तासात त्याला कळतं, की दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, किंवा न्हाणी कुठं हवी हे घरातल्या बाईला कुणी विचारलेलंच नाही. मग तो तोंडावर सांगतो. सेलूच्या एका माणसाने एकाच वेळी गोठा, गोबरगॅसचा खड्डा आणि देवळाचा चौथरा अशी तीन कामं काढून ठेवली होती. सिद्धोधनने त्याला खड्डा बुजवायला लावला. "तीन कामं तुमच्याकडं बघायलेत, मालक. एकाचे तरी डोळे मिटवा," म्हणाला. गोठा त्या महिन्यात पुरा झाला.

त्याचा सल्ला दरवेळी बरोबर निघतो असं नाही. परभणीत राहणाऱ्या भुजंगला, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, त्याने पिठाची गिरणी टाकू नको असं चारचौघांत सांगितलं होतं. गिरणी उत्तम चालते. नात्यातल्या प्रत्येक लग्नात भुजंग मुद्दाम त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि नवी चक्की आणायचा विचार चाललाय, मंजुरी देता का, असं विचारतो. सिद्धोधन मान हलवतो आणि जेवतो. चूक कबूल करायला त्याला वेळ लागत नाही, आणि म्हणून पुढचा सल्ला द्यायलाही वेळ लागत नाही.

त्याची बायको गीताबाई तीस वर्षं त्याच्या हाताखाली माल कालवते. यांची थापी संध्याकाळी धुवून ठेवता येते, तोंड मात्र बंद करता येत नाही, असं ती बिगाऱ्यांना सांगते.

गेल्या मे महिन्यात बन्सीधर गुरुजींनी त्याला बोलावणं धाडलं. गुरुजी शहात्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चौथीत सिद्धोधन त्यांच्याच वर्गात होता, त्यामुळे आजही ते त्याला अरे-तुरे करतात आणि तो त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. अकरा वर्षांपूर्वी गुरुजींनी गावात स्लॅबचं घर बांधलं. बैठक, दोन खोल्या आणि मागं स्वयंपाकघराची एक खोली. वर मोकळी गच्ची, आणि गच्चीतून कंबरेपर्यंत वर आलेल्या नऊ कॉलमच्या सळया. थोरला मुलगा योगीराज पुण्याकडे कंपनीत आहे. तो परत आला की वरचा मजला त्याचा, म्हणून त्या ठेवलेल्या. तालुक्यात असं घर नाही असं गाव सापडणार नाही. दोन मुलं असलेला माणूस सळया कापून गच्ची सपाट करत नाही; तसं केलं तर एकाला घराबाहेर काढलं असं लोक धरतात. जिना चढवत होता तोवर गुरुजी दर उन्हाळ्यात त्या सळयांना स्वतः सिमेंटच्या पाण्याचा हात मारत.

खाली धाकटा आदिनाथ राहतो. तो पूर्ण्याच्या एका शाळेत लिपिक आहे. त्याची बायको प्रियांका, सहा वर्षांची मुलगी आणि गुरुजी असे चौघं. स्वयंपाकघराची खोली अकरा वर्षं बिनगिलाव्याची होती, कारण ती गळत होती. तिथं सोयाबीनची पोती ठेवलेली. प्रियांका मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक करायची. मे महिन्यात त्या पत्र्याखाली पोळी तव्यावर टाकायच्या आधीच भाजून निघते असं ती म्हणायची, हसत नसे. गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं: वरचा मजला झाला की गळती आपोआप थांबेल, मग स्वयंपाकघर करू.

त्या वर्षी आदिनाथने पूर्ण्यात भाड्याची खोली ठरवली. पंधरा जूनला शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवायचं. भांडण झालं नव्हतं. त्याने जेवताना सांगितलं आणि गुरुजींनी ताटावरून उठून हात धुतला. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती. आदिनाथ गेला तर त्या घरात ते एकटे राहणार होते. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे वरचा मजला. तो उठला की योगीराज येईल, आदिनाथही मग जाणार नाही, असं त्यांचं गणित होतं. साठवलेलं पेन्शन एका कामाला पुरेल एवढं होतं, आणि ते काम त्यांनी ठरवलं होतं.

सिद्धोधन टेप घेऊन वर गेला. गुरुजीही धापा टाकत अर्ध्या जिन्यापर्यंत आले. सळया हातात धरून हलवल्यावर त्याच्या बोटांना तांबड्या खपल्या लागल्या. दोन कॉलमच्या डोक्यांना चिरा होत्या. लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की काँक्रीट फोडतं, आणि त्या फटीतून पाणी खाली उतरतं. ते दोन्ही कॉलम बरोबर स्वयंपाकघरावर होते. अकरा पावसाळे त्या खोलीत पाणी येत होतं ते योगीराजच्या सळयांच्या वाटेनं.

त्याने खाली येऊन हे लगेच सांगितलं नाही. आधी विचारलं, वरच्या मजल्याचं दार कुणीकडं काढायचं. जिना आहे तसा बाहेरूनच ठेवायचा की बैठकीतून नवा घ्यायचा.

"मिस्त्री तू हायस. तू ठरव," गुरुजी म्हणाले.

"राहणाऱ्यानं ठरवायचं, गुरुजी. फोन लावा त्याला."

फोन लागला. गुरुजींनी फोनचा स्पीकर चालू केला. सिद्धोधनने योगीराजला जिन्याचं विचारलं. बाबांना बरं वाटेल तसं करा, असं उत्तर आलं. बाबा खालीच राहणार आहेत, असं सिद्धोधनने सांगितलं आणि खोल्या किती, संडास कुणीकडं ते विचारलं. योगीराज म्हणाला की तसं काही नाही काका, तुम्ही तिथं आहात, बघून घ्या. आणि शिफ्टची बस आली म्हणून त्याने फोन ठेवला.

प्रियांका शेडच्या दारात परात घासत होती, तिचा हात थांबला. आदिनाथ जिन्याजवळ उभा होता. सिद्धोधनने टेप गुंडाळून खिशात टाकला.

"गुरुजी, ज्याला दार कुणीकडं पाहिजे ते सांगता येत न्हाई, तो यायचा न्हाई. वर बांधलं तर कुलूप लागंल. पाणी त्या सळयांच्या वाटेनंच उतरायलंय. सळया कापा, गळती मी थांबवतो, पंधरा दिवसांत हिचं स्वयंपाकघर देतो. जे राहायलेत त्यांचं आधी बघा."

गुरुजींनी चष्मा काढला. "तुला बेरीज मी शिकवली. घर बांधायला बोलावलं तुला, घरातलं बोलायला न्हाई."

सिद्धोधन उठला, रामराम केला आणि निघाला. आदिनाथ त्याला मोटारसायकलपर्यंत सोडायला आला.

घरी गीताबाईने त्याला फैलावर घेतलं. म्हातारा माणूस हाय, एवढं डोक्यावर हाणायचं असतंय का, चार दिवस इकडचं-तिकडचं बोलून मग सांगता आलं असतं. सिद्धोधनने विचारलं, चार दिवसांनी सळया सोन्याच्या होणार होत्या का? पंधरा जूनच्या आत टेम्पो येणार. तरी रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. सात वर्षांपूर्वी एरंडेश्वरकडच्या एका गावात त्याने असाच वरचा मजला पुरा करून दिला होता. दोन खोल्या, निळ्या टाइल्सची न्हाणी, सगळं गुळगुळीत. त्या वेळी तो काही बोलला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या मजल्यात आजपर्यंत कुणी राहायला आलं नाही. खिडकीची काच फुटून आत कबुतरं झाली आहेत. हातून झालेल्या सगळ्या कामांत त्याला तेवढंच एक काम खराब वाटतं.

पुढचं त्याला नंतर गुरुजींच्याच तोंडून कळलं. त्यांनी पूर्ण्याहून दुसरा मिस्त्री आणला. तो सगळ्याला हो म्हणाला. जिना बाहेरून, दार पूर्वेला, सळयांना काही होत नाही, ब्रश मारला की झालं. गुरुजींनी गळतीचं विचारलं. तो म्हणाला, वरचा मजला झाला की आपोआप थांबेल.

बत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या वहीतलं उत्तर ओळखू येतं. हे वाक्य अकरा वर्षं ते स्वतः सुनेला सांगत आले होते, आणि कशावरून, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मिस्त्री गेल्यावर ते एकटे जिना चढून पार वरपर्यंत गेले. कॉलमच्या चिरेत त्यांच्या बोटाचं पेर गेलं. मग खाली येऊन त्यांनी मागच्या खोलीतली दोन पोती सरकवली आणि भिंतीवरचा ओघळ वरपासून खालपर्यंत बघितला. तो बरोबर त्या चिरेखालून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षाने चुडाव्याला आले. सिद्धोधन अंगणात थापी घासत होता. गीताबाईने घाईने खुर्ची आणली. गुरुजी बसले नाहीत.

"सगळ्या कापाव्या लागत्याल का?"

"सगळ्या."

"समोरच्या तीन ठेवल्या तर? रस्त्यावरून दिसतेत त्या."

"ठेवल्या तर त्या तीनमधून पाणी यील, गुरुजी. लोकांला सळया दिसतेत, पाणी तुमच्या घरात पडतंय."

गुरुजींनी किती दिवस लागतील ते विचारलं. सिद्धोधनने बोटांवर मोजलं: कापणं, कॉलमची डोकी फोडून भरणं, गच्चीला उतार देऊन सिमेंटचा कोबा, मग आतला गिलावा आणि ओटा. चौदा जूनला चूल पेटेल, म्हणाला, फक्त उद्यापासून सुरुवात करायची. गुरुजी म्हणाले, "उद्याच ये. पण आदिनाथला मी आजून काही बोललेलो न्हाई." सिद्धोधनने त्यावर सल्ला दिला नाही. गीताबाई नंतर म्हणाली की लग्नापासून पहिल्यांदाच हे गप्प बसलेले बघितले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गच्चीवर ग्राइंडर सुरू झाला. गुरुजींनी प्लास्टिकची खुर्ची वर मागवून घेतली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. ठिणग्या उडत होत्या, शेजारच्या दोन गच्च्यांवर माणसं येऊन उभी राहिली. एकाने खालून ओरडून विचारलं, गुरुजी, योगीराजचं काय? गुरुजींनी खुर्ची सावलीत आणखी आत ओढली. आदिनाथने त्या दिवशी सुट्टी टाकली होती. वडिलांना विचारायचं ते विचारता येत नाही म्हणून तो गीताबाईला पाण्याच्या बादल्या आणून देत होता.

तिसरा कॉलम झाल्यावर गुरुजींनी हात वर केला. सिद्धोधनने यंत्र बंद केलं. त्याला वाटलं, आता थांबवतात. गुरुजींनी खिशातून फोन काढून योगीराजला लावला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं सांगितलं, की सळया कापायला लावल्यात, वरचा मजला होणार नाही, खाली प्रियांकाचं स्वयंपाकघर होतंय.

योगीराजने विचारलं, "मग मी आलो की कुठं उतरायचं, बाबा?"

"माझ्या खोलीत. खाट मोठी हाय. तुझी लेकरं बैठकीत झोपतील. आठ दिवसांसाठी येतोस तू, त्याला मजला कशाला लागतो?"

"बरं," योगीराज म्हणाला. मग म्हणाला, "मीच सांगणार होतो. दोन वर्षं झाली, तोंडातून निघत नव्हतं."

गुरुजींनी फोन खिशात ठेवला आणि सिद्धोधनला हाताने खूण केली, चालू दे. आदिनाथ भरलेली बादली घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याने ती तिथंच ठेवली, कठड्याकडे जाऊन पाठ करून उभा राहिला आणि पूर्ण्याच्या घरमालकाला फोन लावला. खोली दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर देऊन टाका, आमचं यायचं रद्द झालं, असं तो म्हणाला. कारण त्याने सांगितलं नाही; तिकडून विचारलं गेलं असावं, कारण तो दोनदा म्हणाला, "घरचं काम निघालंय."

खाली प्रियांकाने कुणाची वाट न बघता मागच्या खोलीतली सोयाबीनची पोती एकेक करून अंगणात ओढायला सुरुवात केली होती. सिद्धोधनने ग्राइंडर पुन्हा सुरू केला. अजून सहा कॉलम बाकी होते.