बिनअपघाती रणगाडा

रामजी वस्ताद माझ्याशी तीन वर्षं बोलले न्हाईत. ह्ये आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जी गंमत सांगणार हाय तिच्यात मी हसताना दिसंन, आन तुमाला वाटंल ह्या फुलसिंगचं मजेत चाललंय. तसं काही न्हाई.

मी एसटीत कंडक्टर व्हतो, ते ड्रायव्हर. हिंगोली-नांदेड, एकोणीस वर्षं एकच जोडी. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ह्या माणसानं कोंबडी बी चिरडली न्हाई. बिनअपघाती सेवेचा बिल्ला मिळाला व्हता, तो लावून ते बाजारात वांगी आणायला जायचे. वांगीवाला बिचारा घाबरून भाव कमी करायचा.

रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आन त्यांना काचबिंदू झाला. ह्या दुखण्यात मधलं लख्ख दिसतं, कडंचं जातं. ते आधी माझ्या ध्यानात आलं. डावीकडून सायकल आली तर वस्तादांना पत्ताच नसायचा. मी मागून म्हणायचो, "वस्ताद, जरा हळू." न्हाईतर, "वस्ताद, जरा उजवीकडं घ्या." असे आठ महिने काढले. एक दिवस बाळापूरच्या बाजारात डावीकडून एक म्हातारी आडवी आली, मी बोंबललो म्हणून वाचली. दुसऱ्या दिशी मी डेपोत जाऊन सांगून आलो. त्याच आठवड्यात डोळे तपासले, आन वस्तादांचं स्टेअरिंग सुटलं. गेटवर वही घेऊन बसवलं त्यांना.

तवापासून तोंड बंद. मी घरात शिरताना "जय भीम" म्हणायचो, त्याला जबाब यायचा, कारण जय भीमाला ते दुश्मनाला बी न्हाई म्हणायचे न्हाईत. त्याच्या पुढं एक शब्द न्हाई. मी म्हणायचो, शिव्या द्या, पण बोला. एकोणीस वर्षं ज्याच्या पाठीमागं उभा राहिलो त्यानं आपल्याकडं पाठ करावी, ह्याची तकलीफ ज्याची त्यालाच कळती.

तरी मी रोज जायचो. त्यांचं घर वारंगा फाट्यावर, पुढं त्यांच्या पोराचं, प्रमोदचं, मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तिथं येतात. मी दुकानात बसायचो, वस्ताद आत खाटेवर. सोजराबाई, त्यांची मंडळी, दोघांना च्या द्यायची आन म्हणायची, "एकाच घरात दोन कप, दोन सुतकं."

प्रमोदला कंप्युटरवर रणगाड्याचा खेळ खेळायचा नाद. साधा खेळ न्हवं. एका रणगाड्यात तीन माणसं लागतात : एक चालवणारा, एक तोफ मारणारा, एक वरून बघून सांगणारा कमांडर. दुसरीकडून पुण्याची, नाशिकची पोरं आपापले रणगाडे घेऊन येतात आन एकमेकांच्या उरावर बसतात. प्रमोदचं म्हणणं, बटनं दाबून रणगाडा चालवण्यात मजा न्हाई, हातात दांड्या पायजेत. म्हणून त्यानं भंगारातून दोन पाईप आणले, लाकडाच्या खोक्यावर ठोकले. दांडीच्या बुडाला जुन्या टेपरेकॉर्डरचं आवाज कमी-जास्त करायचं बटन बसवलं. दांडी ओढली की बटन फिरतं, बटन फिरलं की एक छोटं सर्किट कंप्युटरला सांगतं की दांडी किती ओढली. डावी ओढली की रणगाडा डावीकडं वळतो, उजवी ओढली की उजवीकडं. सोपं हाय.

आवाज ऐकून वस्ताद बाहेर आले. रिटायर झाल्यापासून पयल्यांदा खाट सोडून आले असतील. त्यांनी एक दांडी हलवली आन तोंड असं केलं की जणू दुधात माशी.

"ह्यात वजनच न्हाई," म्हणाले. "चाळीस टनाची गाडी आन लगाम बकरीचा."

झालं. दुसऱ्या दिशी म्हातारा भंगारवाल्याच्या दारात. ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या दोन दांड्या आणल्या, मोटारसायकलच्या ब्रेकच्या स्प्रिंगा आणल्या. एकेक स्प्रिंग तळहातावर दाबायची, डोळे मिटायचे, "न्हाई" म्हणून फेकायची. नऊ स्प्रिंगा फेकल्यावर एक पास झाली. दांडीला किती ढील पायजे, पायडल किती खाली गेल्यावर धरलं पायजे, ह्ये समदं हातापायाला ठाऊक, त्याला डोळे लागत न्हाईत. पायडल सोजराबाईच्या शिवणयंत्राचं काढलं. ती भांडायला आली तर तिला बी कामाला लावलं. यंत्राचं चाक तोफ फिरवायला घेतलं आन तोफेवर तिलाच बसवलं. बाईनं जन्मभर जवारीवरची पाखरं गोफणीनं हाणलेली, नेम असा की विचारू नका. बसायला एका मोडीत गेलेल्या गाडीची ड्रायव्हरची सीट आली. आन शेवटी वस्तादांनी मागच्या बाजूला एक दोरी बांधून घंटी टांगली. घंटी कशाला, तर दोन टोले पडल्याबिगर ते गाडी हलवणार न्हाईत. प्रमोद कमांडर, त्यानं दोरी ओढायची. एक टोला, थांबा. दोन टोले, चला. जगात कुठल्याही फौजेत अशी पद्धत नसंल.

पयल्या लढाईत समोरून दुश्मनाचा रणगाडा आला. वस्तादांनी गाडी डाव्या कडंला घेतली, थांबवली आन त्याला साईड दिली. त्यानं गोळा मारला.

"अवो, त्यो मारून राहिला आन तुमी त्याला वाट देऊन राहिले," सोजराबाई म्हणाली.

"रस्ता अरुंद हाय. एकानं थांबायलाच पायजे."

दुसऱ्या लढाईत प्रमोद म्हणाला, बाबा, समोरच्या गव्हातून सरळ घाला. "उभ्या पिकातून गाडी घालायची न्हाई," म्हणून तीन किलोमीटर वळसा घातला. पोचेपर्यंत लढाई संपली व्हती. दोन्हीकडचे समदे मेलेले आन आमचा एकटा जिता, त्यामुळं इनाम आमाला. पुण्याची पोरं म्हणाली, अंकल काय डावपेच हाय. वस्तादांनी खेळ झाल्यावर वहीत दोन्ही लढायांची मिळून नोंद केली : किलोमीटर अकरा, अपघात निरंक, गोळे लागले चार, शेरा— समोरच्याची चूक.

फाट्यावर ही गोष्ट लपती व्हय? एका बातमीदारानं छापलं, "फाट्यावरील तरुणाने घरातच बनवला रणगाडा." तिसऱ्या दिशी एक जमादार येऊन दारात उभा.

"गाडी कुठं लावली?" त्यानं विचारलं.

प्रमोदनं सीट दाखवली, शिवणयंत्राचं चाक दाखवलं. जमादारानं सीटखाली वाकून बघितलं. वरून चौकशी आली व्हती, लिहायला तर लागणारच. शेवटी त्यानं लिहिलं, "सदर रणगाड्यास चाके नाहीत, तोफ शिलाईची आहे, चालक ज्येष्ठ नागरिक." आन सोजराबाईच्या हातचा च्या घेऊन गेला. त्याच्या मागोमाग एक पुढारी शाल-नारळ घेऊन आले. फोटोसाठी सीटवर बसले, दोन्ही दांड्या एकदम ओढल्या आन रणगाडा तळ्यात घातला. बाहेर येऊन भाषण केलं की आपल्या भागात रणगाड्याचा कारखाना आणणार. वस्ताद तळ्याकडंच बघून राहिले. वहीत लिहिलं, "अपघात एक, चालक बाहेरचा."

पुण्याहून दोन पोरांनी आमालाही अशाच दांड्या बनवून द्या म्हणून सांगितलं. वस्ताद सकाळी अंघोळ करून कामाला बसायला लागले. जेवायला दोनदा हाका माराव्या लागायच्या. सोजराबाई मला एकदा हळूच म्हणाली, "भाऊजी, माणूस परत आला." मला लई बरं वाटलं, आन त्याच्याहून जास्त हेवा वाटला. पोराशी बोलायचे, बायकोशी बोलायचे, जमादाराशी बोलले. माझ्याशी तेवढं न्हाई.

मागच्या ऐतवारी मोठी लढाई ठरली व्हती, बारा रणगाड्यांची. ऐन येळेला बाजूच्या गावातून सांगावा आला, पाणीपुरवठ्याची मोटर जळाली, समदं गाव तहानलेलं. प्रमोदनं हत्यारं उचलली, कानावरचा हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला. "काका, कमांडर तुमी," म्हणाला आन निघून गेला.

वस्तादांनी मान वळवून मला बघितलं. मला वाटलं उठतात आता. पण ड्यूटी लागल्यावर सीट सोडायची न्हाई, हा त्यांचा कायदा. ते पुढं बघून बसले. मी दोरी ओढली, दोन टोले दिले. गाडी निघाली.

तिघांपुढं तीन पडदे. तवा पयल्यांदा मी वस्तादांच्या पडद्यावर नीट बघितलं. रणगाड्यात चालवणाऱ्याला एका फटीतून दिसतं तेवढंच. मधलं दिसतं, कडंचं न्हाई. डोळे कितीही धडधाकट असू द्या, तिथं समद्यांची गत वस्तादांसारखी. कमांडर मात्र वर उघडा बसतो, त्याला चारी बाजू दिसतात. म्हणून ह्या माणसाला हा खेळ मानवला.

अर्धा तास बेस चाललं. सोजराबाईनं दोन रणगाडे उडवले आन "हाल्या, हाल्या" करून पाखरं हाकल्यागत तिसऱ्याला पळवलं. मग मला डावीकडं झाडाखाली एक रणगाडा दिसला, तोफ आमच्याकडं वळलेली. वस्तादांना तो दिसणं शक्य न्हवतं. मी तोंड उघडलं आन जुन्या सवयीनं बोललो, "वस्ताद, जरा उजवीकडं घ्या."

जरा म्हटल्यावर त्यांनी जराच घेतलं. गोळा बराबर डाव्या कुशीत बसला. पडदा काळा झाला.

वस्तादांनी दांड्यांवरचे हात काढले.

"डावीकडं काय व्हतं?"

सोजराबाईनं माझ्याकडं बघितलं तवा मला समजलं की ते माझ्याशी बोलून राहिले. तीन वर्षांनी.

"रणगाडा व्हता, वस्ताद. झाडाखाली."

"तुला दिसला व्हता?"

"व्हय."

"मग डावीकडं रणगाडा हाय असं काहून न्हाई म्हणालास? जरा उजवीकडं घ्या, ह्ये काय सांगणं झालं?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून." आन मग जे तीन वर्षं घोळवत व्हतो ते तोंडातून निघून गेलं. "वस्ताद, डेपोत मीच सांगितलं व्हतं. चुकलं माझं. माफी द्या."

"ते मला त्याच दिशी कळलं," ते म्हणाले. "त्याचा राग न्हाई. सांगितलंस ते बराबर केलंस. आठ महिने काहून थांबलास?"

मी घंटीची दोरी सोडली. वस्ताद बोलत राहिले.

"मला दिसत न्हाई, ह्ये मला कसं दिसावं? मधलं समदं लख्ख दिसायचं. मला वाटायचं, माझं ठीक चाललंय. तुला तर दिसत व्हतं ना? मागं पन्नास माणसं बसायची. लेकुरवाळ्या बाया असायच्या. तू त्यांना तिकिटं दिली, पैसे मोजून घेतले, आन मला म्हणत राहिलास जरा हळू." त्यांचा आवाज चढला न्हाई. "बिल्ला लावून हिंडत व्हतो मी. त्या आठ महिन्यांत कोण मेलं न्हाई, ते काही माझ्या हातामुळं न्हाई, नशिबानं. ह्ये घेऊन मी रोज खाटेवर पडायचो."

मी तीन वर्षं समजत व्हतो की मी चुगली केली म्हणून ते रुसलेत. मनातल्या मनात मी स्वतःला थोडा मोठा बी समजत व्हतो, की बघा, माणसं वाचवायला मी दोस्ती गमावली. आन खरं काय, तर मी आठ महिने दोस्ती सांभाळत बसलो आन पन्नास माणसं रोज पणाला लावली. लाज वाटली मला, खरंच वाटली. हेडफोन काढून उठायला निघालो.

"कुठं चाललास?" वस्ताद म्हणाले. "दुसरी लढाई लागली."

मी बसलो. पडदा उजळला. चढ उतरून गाडी खाली निघाली आन डाव्या अंगाला मला नाला दिसला, काठ ढासळलेला. जीभ पुन्हा जुन्या वाटेनं निघाली व्हती, ती धरली.

"डावीकडं नाला हाय, वस्ताद. तुमाला त्यो दिसत न्हाई."

त्यांनी उजवी दांडी ओढली.

"खोल किती?" त्यांनी विचारलं.