मायचा ‘आजचा’ फोटो

माझी सून घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काम काय, तर लिहायचं. त्या कंपनीनं एक साधन बनवलंय. ते फाइलच्या आत काय आहे ते बघत नाही, तिच्यावर लागलेली माहिती वाचतं. कधी बनली, कोणत्या फोननं बनली, केवढी आहे. अन् हे माणसांसाठी नाही बरं, एआय एजंटांसाठी. त्या एजंटानं ते कसं वापरायचं, हे सून लिहून काढते.

मी विचारलं, एजंट म्हणजे विम्याचा असतो तसा का? खूप हसली. म्हणाली, "आत्या, सालगडी समजा. काम सांगितलं की आपल्या अकलेनं करतो. पण एखादी गोष्ट ठाऊक नसली तर अंदाजानं ठोकून देतो. म्हणून त्याच्या हातात हे हत्यार द्यायचं, अन् कसं धरायचं ते लिहून द्यायचं."

"मग तूच पाहून सांग न सरळ. गड्याला शिकवण्यात दिवस जाऊन राहिला तुझा."

"मग मला पगार काहून देतील?"

मी शाळेत फार गेले नाही, जे वाचते ते माझं मीच शिकले. म्हणून सून आधी मराठीत लिहून मला वाचून दाखवते. मी जिथं अडखळते तिथं ती बदलते. तिचा एक नियम मला फार पटला होता. माहिती सापडली नाही तर ‘सापडली नाही’ म्हणायचं, मनानं तारीख लावायची नाही.

एक दिवस म्हणाली, "आत्या, उदाहरणाला एक फोटो द्या. पण मूळचा पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला नको, त्यातली माहिती पुसून जाते."

तसा एक माझ्याकडं होता. माझ्या मायचा. माय जवळा बाजारला राहायची. धाकटी बहीण त्याच गावात दिलेली, तीच मायचं सगळं बघायची. माय गेल्यावर तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे होता. फ्रेमवाला म्हणाला, मूळ फोटो आणा, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मोठा केला की फाटतो. मग बहिणीनं तिच्या फोनमधला मूळ फोटो कागदपत्रं पाठवतात तसा पाठवला.

तो फोटो मला आधीपासून पाठ होता. पोराच्या लग्नात, हळदीच्या आदल्या दिवशी बहिणीनं हाच धाडला होता. मीच फोन केला होता, "माय कशी हाय गं? मन लागून नाही राहिलं. एक चक्कर मारून येऊ का?"

"काहून येतीस? हा घे आजचा फोटो. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडून राहिली बघ. तुझ्या दारात मांडव पडलाय, तू तिकडचं पाह."

मी तो फोटो आल्या-गेल्याला दाखवला. पाहा, माझी माय. लग्न झालं, आणि सत्यनारायणाच्या दिवशी फोन आला की माय गेली. एकाएकी गेली, म्हणाले.

सुनेनं फोटो त्या साधनाला दिला. ओळी उमटल्या. नेहमीसारखी मोठ्यानं वाचायला लागली अन् मध्येच थांबली.

"आत्या, दुसरा घेऊ आपण फोटो."

"काहून? वाच की."

तिनं वाचलं. तारीख दिवाळीच्या आधीची होती. लग्न आमचं वैशाखात.

"फोनमधी तारीखच चुकीची असंल," मी म्हणाले.

"असू शकते," ती म्हणाली. माझ्यासाठीच म्हणाली, ते मला समजलं.

मी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला. मायच्या पाठीमागं सोयाबीनची रास होती, ओलसर, नुकतीच काढलेली. वैशाखात कुणाच्या दारात असते अशी रास? सारा जन्म शेतात गेला माझा, पण त्या दिवशी मी फक्त तोंड पाहिलं होतं.

बहिणीला फोन लावला. "तो फोटो कवाचा गं?"

ती म्हणाली, "अक्का, मायनंच शपथ घातली होती. हळद लागणाऱ्या घरात वाईट निरोप न्यायचा न्हाई म्हणली. तवा ती अंथरुणावरच होती. रोज तुझं नाव घ्यायची."

"ती नाव घेऊन राहिली, अन् तू मला शेंगा दाखवून राहिलीस."

"लग्न लांबलं असतं तर मलाच बोलली असतीस."

"बोलले असते. पण भेटले असते न तिला."

तो रिवाज मला ठाऊक आहे, आमच्याकडं सगळेच पाळतात. निरोप दिला नसता, गप्प बसली असती, तर मी समजून घेतलं असतं. पण मी येते म्हणत असताना तिनं मायचाच हसरा चेहरा मला आडवा लावला. अन् मायनंही मला परकी धरलं, हे तर कुणाला सांगू?

सून स्वयंपाकघरात जाऊन रडत होती. "माझ्या लग्नापायी झालं, आत्या."

"तुझं काय त्यात, बाई? मायनं तर तुला पाहिलंबी न्हाई."

उदाहरणाला तिनं मग आमच्या केळीच्या घडाचा फोटो लावला.

बहिणीचा फोन पहिल्यासारखाच येतो. मीही बोलते, पाऊसपाणी विचारते. परवा म्हणाली, गुडघा जरा धरलाय, बाकी बरी हाय मी. मी बरं म्हणाले, फोन ठेवला, अन् तिच्या शेजारणीला लावला.