बाबांच्या छातीचा पिक्चर

माझ्या बाबांवर एक पिक्चर आहे. हसू नका, खरंच आहे. त्यात हिरो नाही, गाणी नाहीत, खुर्चीत नीट बसेपर्यंत संपतो. पडद्यावर एक रेघ ताडकन वर चढते आणि उतारानं खाली येते. माणसानं छाती भरून घेतली आणि मशीनच्या नळीत जोर लावून फुंकलं की अशी रेघ उमटते. श्वास मोठा तर डोंगर मोठा. पिक्चरमध्ये हा डोंगर दरवर्षी थोडा थोडा बसत जातो, एवढीच स्टोरी. काढला मी. आणि ज्यांनी तो बघून टाळ्या पिटल्या त्यांना माझे आजही तळतळाट आहेत.

बाबा मिलमध्ये ब्लोरूम खात्यात होते. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायला मशीनवर घालायच्या. दिवसभर कापसाच्या धुळीत. करी रोडला आमच्या चाळीत ते पाळीवरून आले की आधी भुवया झटकायचे. रविवारी सुट्टी, त्या दिवशी माणूस बरा. सोमवारी कामावर गेले की छाती आवळायची, आणि संध्याकाळी जिन्यात दोनदा बसून वर यायचे. आई सोमवारी त्यांच्याशी कमी बोलायची, कारण उत्तर द्यायला त्यांना दम लागायचा. आमच्या मजल्यावर असे अजून बरेच होते. सगळ्यांना वाटायचं, मिल म्हटली की हे आलंच.

मग संप झाला. तो कसा झाला आणि कसा मेला हे मी सांगत बसणार नाही, सांगणारे पुष्कळ आहेत. आमच्या घरापुरतं एवढंच, की बाबांना परत घेतलं नाही. आई म्हणायची, जाऊ दे, निदान धूळ तरी सुटली. सुटली कुठली! रे रोड स्टेशनजवळ लाकडाच्या वखारीवर बाबा वॉचमन म्हणून बसायला लागले, आणि आता सोमवार-मंगळवार असा भेदच उरला नाही, सगळे दिवस सारखे. ते म्हणायचे, "संपान पोट मारल्यान, मिलीन छाती. पोटाचा सगळे बोलतत. छातीचा कोण बोलता?"

त्यांना तेवढंच हवं होतं. छातीचं कोणीतरी बोलावं. भरपाईसाठी त्यांनी सरकारकडे अर्जही टाकला होता. पैसे मिळाले असते तर कोणाला नको होते, पण बाबांचा हट्ट वेगळा होता. सरकारी माणसानं एकदा शिक्का मारून लिहून द्यावं, की या माणसाची छाती मिलनं खाल्ली. मग मी मरायला मोकळा, असं चहा पिता पिता म्हणायचे, आणि आई कप हातातून काढून घ्यायची.

दादरला कॉम्प्युटरचा क्लास करून मी परळच्या एका हॉस्पिटलात छातीच्या विभागात ऑपरेटर म्हणून लागलो. संपानंतर काही वर्षांनी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी जुन्या गिरणी कामगारांची तपासणी सुरू केली होती. वर्षातून एकदा बोलवायचे, नळीत फुंकायला लावायचे, आणि मशीन प्रत्येक फुंकरीची एक फाईल करून ठेवायचं. फाईल म्हणजे नुसते आकड्यांचे दोन रकाने. बाबाही यायचे, धुतलेला शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. फुंकताना त्यांना दरवेळी मध्येच एक ठसका लागायचा. त्यामुळे त्यांच्या डोंगराच्या उतारावर एक खाच पडायची. टेक्निशियन वैतागायची, "काका, परत." परत ठसका, परत खाच. शेवटी तिनं नाद सोडला. सगळ्या फायलींत ती खाच आहे.

आलेख काढायचा एक प्रोग्राम आमच्याकडे होता. एक फाईल द्या, एक चित्र काढतो. मला वाटलं, बाबांच्या सगळ्या वर्षांच्या फायली ओळीनं लावल्या आणि चित्रं एकामागून एक पळवली तर बसती छाती डोळ्यांना दिसेल. आकडे कोण वाचतो? मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वडिलांच्याच आहेत ना? कर की."

केलं, आणि पळवून बघितलं तर काहीच हलेना. पहिल्या वर्षी डोंगर चौकटभर, शेवटच्या वर्षीही चौकटभर. नुसती खाच थरथरते. मी म्हटलं, च्यायला, म्हणजे बाबांना काही झालंच नाही? घरी जिना चढताना जो माणूस भिंत धरतो तो कोण मग? दोन दिवस डोकं फिरलं होतं माझं. मग लक्षात आलं, की हा प्रोग्राम मोठा गुळमुळीत आहे. त्याला कोणालाच लहान दाखवायचं नसतं. फाईलमधला श्वास छोटा असला की तो मापच छोटं करतो आणि चित्र पुन्हा चौकट भरून काढतो. गरिबाच्या ताटात भात कमी पडला तर ताटच लहान द्यायचं, तसं. त्याला ठणकावून सांगावं लागतं, की बाबा रे, माप पहिल्या वर्षीचं, शेवटपर्यंत तेच ठेव.

मी ते माप ठोकून बसवलं आणि पुन्हा पळवलं. या वेळी दिसलं. डोंगर बसत गेला, बसत गेला, आणि शेवटी डाव्या कोपऱ्यात वालाच्या दाण्याएवढा उरला. त्या दाण्यावरसुद्धा खाच होती. मी विभागातल्या संडासात जाऊन रडलो.

बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा बघितला. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी घाबरलो होतो. पण ते खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता ह्या त्यांका दाखव. बघूया कसे नाय म्हणतत ते."

मोठ्या डॉक्टरांनाही पिक्चर फार आवडला. "मला एक कॉपी दे, विद्यार्थ्यांना दाखवीन." दिली. मग मी म्हटलं, सर, भरपाईच्या सुनावणीला तुम्ही येऊन दोन शब्द बोललात तर? डॉक्टरांनी ताबडतोब हात वर केले. "कोर्टकचेरीत मला ओढू नकोस. आपण संशोधन करणारी माणसं." लॅपटॉप मात्र उसना दिला, उपकार म्हणून.

सुनावणीच्या ऑफिसात लिफ्ट बंद होती. बाबांना वर न्यायला इतका वेळ लागला की शिपायानं दोनदा नाव पुकारलं. साहेबांनी पिक्चर बघितला, आणि शेजारी बसलेल्या मिलच्या वकिलाकडे बघून हसले.

"हे चित्र कोणी काढलं?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"मुलगा."

"मग झालं तर! कॉम्प्युटरवर काय हो, उद्या तुम्ही यांना ऑलिम्पिकमध्ये पळवाल."

मी फायली दाखवतो म्हणालो, आकडे दाखवतो म्हणालो. त्यांनी हातानंच गप्प केलं. वकिलानं बाबांना विचारलं, विडी ओढता? खोटं बोलणं बाबांच्या रक्तात नव्हतं. म्हणाले, ओढायचो, संपात तर जेवणापेक्षा विडीच जास्त. वकिलाला लॉटरीच लागली. शिवाय, तो म्हणाला, यांनी काम आपणहून सोडलं, संपावर गेले. त्यावर बाबा उठून उभे राहिले. "सोडलं नाय साहेब. परत घेतलं नाय." एवढं बोलून ठसका लागला, आणि पुढचं जे काही बोलायचं होतं ते खोकल्यातच गेलं. साहेब म्हणाले, पाणी द्या यांना. दिलं ते पाणी. बाकी तोंडाला पानं पुसली.

बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनची नळी नाकात असताना मला म्हणाले, "तो साहेब तुका खोटो म्हणालो, त्याचाच वाईट वाटता." स्वतःचं नाही, माझं. असा हा माणूस.

पुढे मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि एका औषध कंपनीचे सल्लागार झाले. कंपनीनं दम्याचा नवीन पंप काढला होता. त्याचा समारंभ परळच्या एका हॉटेलात ठेवला होता, रविवारी दुपारी, जेवणासकट. हॉटेल मिलच्याच जागेवर उभं राहिलेलं. हॉल भरायचा म्हणून आमच्या विभागातल्या सगळ्यांना बोलावणं होतं. मीही गेलो. फुकट जेवण कोणाला नको असतं?

डॉक्टर स्टेजवर आले. म्हणाले, पंप सुरू केल्यावर पेशंटची छाती कशी उघडत जाते, बघा. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात वालाच्या दाण्याएवढी एक रेघ आली. मग ती वाढली. अजून वाढली. उतारावर खाच. मला आधी वाटलं, दुसऱ्या कोणालाही ठसका लागू शकतो की. पण चौकट माझी होती, माप मी ठोकलेलं होतं. बाबांच्या सगळ्या फायली त्यांनी शेवटाकडून पहिलीकडे पळवल्या होत्या, आणि वर्षांचे आकडे पुसून टाकले होते. डोंगर चौकटीच्या माथ्याला टेकला तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, मनापासून. माझ्या पिक्चरवर पहिल्यांदाच कोणीतरी विश्वास ठेवला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उठलो आणि माईक मागून घेतला. म्हटलं, "ही माझ्या बाबांची छाती आहे. त्यांनी तुमचा पंप कधी बघितलासुद्धा नाही. ते वारले. तुम्ही त्यांना उलटं पळवलंय." आवाज चढला होता माझा. डॉक्टरांनी मला ओळखलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण माणूस पोचलेला. गळा भरून आल्यासारखं करून म्हणाले, "अशा दुःखांसाठीच तर आपण हे काम करतोय." की परत टाळ्या! सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "थँक्यू सर, किती मनापासून बोललात. पुढचा प्रश्न?" माईक माझ्या हातातून गेलासुद्धा.

नंतर जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. ते हळूच म्हणाले, "अरे, नमुन्यादाखल आहे ते. नाव कुठं घातलंय आपण? लोकांना सुधारणा बघायला आवडते." आणि ताटलीत गुलाबजाम वाढून घेतले. मी न जेवता निघालो.

घरी आई सुकट निवडत बसली होती. तिनं आधी जेवणात काय होतं ते विचारलं. मी सगळं ओकलो. डॉक्टरला, कंपनीला, टाळ्या वाजवणाऱ्यांना, सगळ्यांना आयमाय एक करून शिव्या घातल्या. तिनं मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे थंय ते बरे होतत?"

"आई, उलटा लावलाय तो. खोटं आहे सगळं."

"ता माका कळला. पण बरे होतत मां?"

"हो."

"मग माका दाखव."

मी भडकलो. तुला काही आहे का, म्हटलं, त्या हरामखोरानं जे केलं तेच मी घरात करू? ती शांतच होती. म्हणाली, "खरा मी रोज बघलंय. रात्री उठान बघलंय. आता माका खोटा दाखव."

तोवर घरात कॉम्प्युटर आला होता. काही कठीण नव्हतं, प्रोग्रामला फक्त शेवटच्या नंबरापासून उलटं मोजायला सांगायचं. मी स्टूल ओढून तिला समोर बसवलं आणि पिक्चर लावला. कोपऱ्यातला दाणा फुगायला लागला. ती प्रत्येक चित्राला मान हलवत होती, हां, हां, म्हणत होती. चौकट भरली आणि पिक्चर थांबला.

ती पदरानं हात पुसून पडद्याजवळ सरकली. "ह्याच्या आदलो खंय?"

"कुठला?"

"मिलीत होते तेव्हाचो. ह्यो नंतरचो. ह्याच्या आदलो दाखव मां."

"नाही, आई," मी म्हटलं. "मिलमध्ये होते तेव्हा कोणी मोजलंच नाही."