मी नेमलेला राज्यपाल

ब्रिस्टलच्या एका चर्च हॉलमध्ये, भरल्या सभेत, मी एकदा लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला राज्यपाल म्हणून नेमून टाकलं. तो जाऊन दीडएकशे वर्षं झाली होती, त्यामुळे त्याने तक्रार केली नाही.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं सरली होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच रिटायर झाले होते, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं ते वय. आमच्या भागातल्या हिस्टरी ग्रुपला जायची. तिथे एक निवृत्त शिक्षिका होत्या, इंग्लिश. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायची. बाईंनी वीस वर्षं एकाच माणसाचा पिच्छा पुरवला होता. आमच्याच रस्त्यावरच्या पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. जहाजाने अमेरिकेला गेला, जंगलात जमिनी मोजल्या, वकील झाला आणि एका नव्या राज्याचा गव्हर्नर झाला. बाईंना कॅन्सर होता. आवाज पार बसला होता, आणि डॉक्टर उन्हाळ्याच्या पुढचं काही बोलत नव्हते. या माणसाची गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत एकदा नीट सांगितली जावी, एवढीच त्यांची इच्छा. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून त्यांची वही माझ्या हाती आली.

वही जाडजूड. बालपण, जहाज, जंगल मी मन लावून वाचलं. गव्हर्नरपद आलं आणि वही मिटली. गव्हर्नर काय मला शिकवता? आमच्या शाळेत राज्यपाल आले होते. आम्ही मुली दोन तास उन्हात लेझीम घेऊन उभ्या. ते दोन मिनिटं बोलले आणि हार घालून गेले.

तेव्हा सभेत मी थाटात सांगितलं, "शेवटी राष्ट्राध्यक्षांची मर्जी बसली, त्यांनी याला गव्हर्नर नेमलं, आणि फिती कापत, सह्या करत याचं म्हातारपण सुखात गेलं."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेत बाई तेवढ्या हसल्या नाहीत. काही बोलू पाहत होत्या, पण टाळ्यांमध्ये त्यांचा आवाज कुठला ऐकू येणार?

घरी येऊन उरलेली पानं वाचली. त्याला कुणी नेमलं नव्हतं; तिकडे गव्हर्नर लोक निवडून देतात. दोनदा पडून तिसऱ्या खेपेला तो जेमतेम निवडून आला होता. राज्यात गुलामगिरी येऊ द्यायची का, यावरून तेव्हा रान पेटलं होतं. बापाची पिंपं ज्या जहाजांवर चढायची ती पुढे आफ्रिकेतून माणसं भरून विकायला नेत, हे तो लहानपणापासून ऐकून होता. विधिमंडळात उभा राहून तो म्हणाला, माझ्या राज्यात माणूस विकला जाणार नाही. पुढच्या निवडणुकीत सपाटून हरला. शेजारी बोलेनासे झाले, अशील येईनात. म्हातारपणी पुन्हा दुसऱ्यांच्या जमिनी मोजत फिरला. पानाखाली बाईंनी लिहिलं होतं: हरणार हे त्याला माहीत होतं.

नेमलेल्या माणसाला मतं गमावायची भीती नसते. त्याने जे जाणूनबुजून गमावलं, तेच मी एका शब्दात पुसून टाकलं होतं. बाईंची वीस वर्षंही त्याबरोबरच पुसली गेली.

"अहो, मी काय करून बसले!"

"का? राजभवनावर चहाला बोलावलंय का तुला?" हे पेपराआडून म्हणाले. मग माझं तोंड पाहिलं, पेपर ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मी माफी मागितली. पुढच्या गुरुवारी ग्रुपपुढे पुन्हा बोलायला उभी राहते म्हटलं, पण सुरुवात कशी करू तेच कळत नाही. त्यांचं बोलणं ऐकायला कान अगदी तोंडाशी न्यावा लागला.

"स्वतःच्या चुकीपासून कर. खरं बोलून त्याचं सगळं गेलं. तुझं फार तर हसं होईल."