नकाशातली मोकळी जागा

माझं उच्चशिक्षण फुरसतीत झालं. म्हणजे विषयच फुरसत होता. लोक रिकाम्या वेळात काय करतात, मोकळ्या हवेत का जातात, गेल्यावर खूश होतात की नुसते फोटो काढतात, याचं रीतसर शास्त्र आहे आणि त्यात पदव्युत्तर पदवी मिळते, हा शोध मला बेचाळिसाव्या वर्षी लागला. वीस वर्षं मी डहाणूत शाळेत पी.टी. शिकवत होतो. शिट्टी खुंटीला टांगली, बिनपगारी रजा टाकली आणि २०१४ साली प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तशी मुलं उभी राहिली; त्यांना वाटलं, प्राध्यापक आले. मीही दोन दिवस त्यांना ‘बसा’ म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी खरे प्राध्यापक आले आणि माझं राज्य गेलं.

लघुप्रबंधासाठी मी आपलाच तालुका निवडला. प्रश्नावली घेऊन थेट डोंगराकडच्या सायवनला गेलो. एका म्हाताऱ्या मजुराला विचारलं, फावल्या वेळात काय करता? त्याने आधी फावला वेळ म्हणजे काय ते विचारलं. मी हातवारे करून समजावलं. तो म्हणाला, ज्या दिवशी कोणी कामाला बोलावत नाही तो दिवस ना, तसले पुष्कळ असतात. मी रकान्यात ‘पुष्कळ’ असं लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी ते वाचून चष्मा काढला आणि मला समुद्राकडे पाठवलं.

तालुक्यातलंच किनाऱ्यावरचं एक गाव; नाव सांगत नाही. महिना जुलैचा. मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. वाळूच्या वरच्या अंगाला मातीचा एक सपाट, रिकामा पट्टा होता आणि पावसाने उघडीप दिली की सहा बायका तिथे येऊन बसायच्या. गप्पा, हसणं, मध्येच जमिनीशी चाळा. मला तर नाटकाचा पडदाच उघडल्यासारखं झालं. हीच ती फुरसत! त्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाईंना मी मावशी म्हणू लागलो. साठीच्या, विधवा, शेजारी त्यांची सून. विचारलं, इथे बसायला आवडतं का? मावशी म्हणाल्या, आवडतं की. किती वेळ बसता? ऊन असेल तोवर. बसायची सोय आहे का? त्यावर सहाही जणी हसल्या. मी लिहिलं, ‘सोय नाही’. नकाशात तो पट्टा हिरवा रंगवला आणि वर सुबक अक्षरात घातलं, ‘मोकळी जागा, विरंगुळ्यास योग्य’.

पदवी मिळाली. किनारा सुशोभित करायला निघालेल्या एका समितीने मला बोलावलं. मी नकाशा भिंतीवर लावला, आवाज चढवला, उतरवला, सहा बायकांचं हसणं करून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी पुन्हा शाळेत रुजू झालो आणि पुढची दोन वर्षं तोच किस्सा भेटेल त्याला ऐकवत राहिलो.

२०१८च्या दिवाळीनंतर मावशी पत्ता विचारत घरी आल्या. टोपली दाराबाहेर ठेवली, पाणी प्यायल्या. मग शांतपणे सांगितलं की त्या पट्ट्यावर सिमेंटचे ठोकळे बसवलेत आणि समुद्राकडे तोंड करून बाक मांडलेत. ते त्यांचं खळं होतं, जवळा वाळवायचं. पावसाळ्यात त्यावर गवत माजतं, जमीन फुटते. म्हणून घराघरातून एकेक बाई तिथे बसून गवत उपटते, मग हंगामाआधी सगळ्या मिळून ते शेणाने सारवतात. वीस वर्षं मी जवळ्याची चटणी चापली होती. तो जवळा कुठे वाळतो ते कधी बघितलं नव्हतं.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “बसायला आवडतं का, ते तू विचारलंस. का बसते, ते कुठे विचारलंस?”

त्यांनी एकच मागितलं: तिथे खळं होतं असं लिहून दे, म्हणजे ठोकळे काढतील. मी त्याच दिवशी लिहिलं. चूक माझी, सही माझी. समितीचं उत्तर अगदी गोड होतं. बाक स्थानिक महिलांच्या मागणीवरून बसवले आहेत, आणि पुरावा म्हणून माझ्याच प्रबंधातला ‘सोय नाही’ लिहिलेला तक्ता जोडला होता.

बायकांनी ठोकळ्यांवरच जवळा पसरून बघितला. सिमेंट तापून तो करपला, शिवाय संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांनी वासाची तक्रार केली. महिनाभरात तिथे पाटी लागली, मासळी वाळवू नये.

पुढच्या वर्षी घोलवडला एका वाडीत गेलो होतो. शेडमध्ये मावशी आणि सून चिकू निवडत बसलेल्या. लहान एका खोक्यात, मोठे दुसऱ्यात. जवळा आता होडीवरूनच ओला विकून टाकतात, म्हणाल्या, वाळवायला जागाच नाही. मी तिथेच उकिडवा बसलो आणि घाईघाईने सांगून टाकलं की पीएच.डी.ला अर्ज केलाय, विषय खळ्यांचाच आहे, सगळं नीट मांडणार आहे, नकाशासकट.

“किती वर्षं लागतील?”

“चार. पाचही लागतील.”

त्यांनी हातातला चिकू फिरवून बघितला, खोक्यात ठेवला.

“हिला खळं सारवणं अजून नीट जमत नाही,” सुनेकडे मान करून त्या म्हणाल्या. “शिकवून ठेवू, की नको?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. सूनही हात थांबवून माझ्याकडे बघत होती.